कुटुंबसंख्या एक

साहेब, हे तुम्हीच केलंत. तुमचं नाव घेत नाही, कारण ते कोणालाच ठाऊक नाही. कागदाच्या तळाशी एक निळी रेघ असते. तीच तुमची सही आणि तोच तुमचा चेहरा. सात वर्षांच्या पोरीला तुम्ही ‘कुटुंब’ म्हणून लिहिलंत आणि ते कुटुंब उचलून न्यायला गाडी पाठवलीत. आता म्हणाल, आम्हाला कल्पना नव्हती. मग ऐका, पहिल्यापासून ऐका.

मंगळवार होता. इंग्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात पूर्वी लोक सुट्टीला यायचे. आता तिथे आश्रय मागणारी दोनशे माणसं अर्जाच्या निकालाची वाट बघत दिवस ढकलतात. पैसा सरकारचा, इमारत ठेकेदाराची. सकाळच्या न्याहारीच्या रांगेत अब्रेहेत उभी होती. पुढे तिची लेक देलिना, मागे नवरा किफ्लोम. एरिट्रिया सोडून चार वर्षं झाली होती, आणि या हॉटेलातल्या दोनशेबारा नंबरच्या खोलीत चौदा महिने.

“पुन्हा तोच पाव!” त्यांच्याच मुलखातली म्हातारी लेतेन्सए रांगेत ओरडली. “हा माझ्याआधी आश्रयाला आलाय बरं का. याचा अर्ज मंजूर होत नाही, म्हणून रोज ताटात येऊन बसतो.”

“मावशी, हळू,” किफ्लोम हसत म्हणाला. “ऐकलं तर त्यालाही दुसऱ्या गावाला पाठवतील.”

हसू तिथेच विरलं. कारण ती चेष्टेची गोष्ट नव्हती. त्या हॉटेलात माणसं कशी नाहीशी व्हायची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी दाराखालून एक पांढरा कागद सरकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी. आठला पलंगावर नवी चादर. फरशीवर कागद घासल्याचा तो बारीक आवाज ऐकला की अख्ख्या मजल्याचा श्वास अडकायचा. बायकांनी दाराखाली टॉवेल कोंबून ठेवले होते. विचारलं तर म्हणत, वारा येतो. वारा कसला! तो कागद अडवायला होता टॉवेल.

न्याहारीनंतर हजेरीच्या वहीत सही करायची असे. वहीमागे बसणारी मॉरीन त्याच गावची, पन्नाशीची, सगळ्यांना “पोरी”, “पोरा” म्हणणारी. रोज देलिनाच्या हातावर एक गोड गोळी ठेवायची. त्या दिवशी तिने मान वर केली नाही.

“काय झालं बाई?” अब्रेहेतने विचारलं.

“काही नाही. शुक्रवारी तपासणी आहे वरून,” ती म्हणाली आणि वही ओढून घेतली.

दुपारी देलिनाने भिंतीवरची काळी बुरशी पुसायला कापड घेतलं. त्या ओलीने तिची छाती घरघरायची, म्हणून तो तिचा रोजचाच खेळ झाला होता. तेवढ्यात टॉवेल हलला. त्याच्या कडेवरून कागदाचा एक पांढरा कोपरा आत आला.

किफ्लोमने वाचलं. ‘किफ्लोम गेब्राई. खोली दोनशेतेरा. कुटुंबसंख्या एक. बदली: दक्षिणेकडची जुनी लष्करी छावणी. बुधवार, सकाळी सात.’

“दोनशेतेरा?” अब्रेहेत म्हणाली. “आपण तर दोनशेबारात आहोत. चुकून आलाय.”

दोघं धावत खाली गेली. मॉरीनने इकडेतिकडे पाहिलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. एकाखाली एक तीन ओळी होत्या. वोल्दू, दोनशेबारा, कुटुंबसंख्या एक. गेब्राई, दोनशेतेरा, कुटुंबसंख्या एक. किफ्लोम, दोनशेचौदा, कुटुंबसंख्या एक.

आणि अब्रेहेतला तो पहिला दिवस आठवला. बंदरावरची थंडी, काचेमागचा माणूस, फोनवर दुभाषा. काचेमागच्याने आडनाव विचारलं. त्यांच्या तिग्रिन्या भाषेत आडनाव नसतंच, तेव्हा बापड्या दुभाष्याने जवळचा शब्द काढला, “तुझ्या बापाचं नाव काय?” तिने खरं सांगितलं: वोल्दू. किफ्लोमने खरं सांगितलं: गेब्राई. लेकीने ऐटीत सांगितलं: किफ्लोम! त्यांच्याकडे प्रत्येकाच्या पाठीशी आपापला बाप असतो. लग्न झालं म्हणून बाई बापाचं नाव टाकत नाही, मेली तरी टाकत नाही. एका उंबऱ्यातली तीन माणसं तीन नावांची असतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. तिघं खरं बोलली, आणि यंत्राने त्यांची तीन कुटुंबं केली.

“पण दोनशेतेरा आणि दोनशेचौदा बंद आहेत!” किफ्लोम म्हणाला. “छत खाली आलंय तिथलं. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

मॉरीन कुजबुजली, “बंद आहेत, पण रिकाम्या नाहीत, पोरा. कागदावर त्यात तुम्ही राहता. तीन कुटुंबं, तीन खोल्या. रोजच्या रात्रीचं भाडं ठेकेदाराला तिन्हींचं जातं. आता तपासनीस यायच्या आत त्या खोल्या कागदावर रिकाम्या करायच्यात. म्हणून बदली.”

आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, अशी म्हण आहे. इथे एक भर घाला: आणि दगड बसतात ते जात्यापाशी बसलेल्या बाईला. दर शनिवारी गावातले लोक फाटकावर फलक घेऊन ओरडायचे, “आमच्या पैशावर चैन! एकेकाला एकेक खोली!” त्यांचंही खोटं नव्हतं हो. पैसा जात होताच. फक्त तो ज्यांच्या नावाने जात होता, ती तिघं एका पलंगावर आडवी झोपत होती.

“तू एक कर,” मॉरीनने एक अर्ज पुढे सरकवला. “आडनाव बदल. तिघांचं एकच लिही. मग मी काहीतरी करू शकते.”

अब्रेहेतने पेन उचललंही. पण किफ्लोम म्हणाला, आधी वकीलबाईंना विचार. त्या फुकट काम करायच्या, नेहमी घाईत असायच्या. फोनवर त्या जवळजवळ किंचाळल्या.

“सही करू नका! वोल्दू तुरुंगात मेला, त्याची मुलगी म्हणून शिपाई तुम्हाला शोधत आले, हीच ना तुमची जबानी? तुमचा सगळा अर्ज त्या एका नावावर उभा आहे. ते बदललंत की म्हणतील, बाई खोटारडी, हिचं नावच खरं नाही. विमानात बसवून परत पाठवतील.”

“आणि नाही बदललं तर?”

“मी पत्र लिहिते. उत्तराला महिना लागतो.”

बाप ठेवावा तर घर तुटतं, घर ठेवावं तर बाप खोटा ठरतो. असा फास माणसाने हाताने वळला असता तर निदान त्याचे हात तरी धरता आले असते.

“मी जातो,” रात्री जेवताना किफ्लोम म्हणाला. “नाही म्हटलं तर तिघांचं छप्पर काढून घेतील. तिथून कागद नीट करतो. आठ दिवस धर.”

“तू तिकडच्या लष्करी छावणीतून पळून आलास,” ती म्हणाली, “आणि हे तुला पुन्हा छावणीतच पाठवतायत.”

“त्या छावणीत बंदूक होती. इथे नुसता पाव असेल.”

देलिना हसली. अब्रेहेत हसली नाही.

बुधवारी सातला तो गेला. गुरुवारी दुपारी कागद पुन्हा सरकला. या वेळी अब्रेहेतने टॉवेल पायाने घट्ट दाबून धरला होता. कागद अडला, माघारी गेला, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून आत आला.

‘देलिना किफ्लोम. खोली दोनशेचौदा. कुटुंबसंख्या एक. शुक्रवार, सकाळी सात.’

“अदेय,” लेकीने आईला विचारलं, “माझं नाव आहे ना यात? मला पण पत्र आलं?”

मॉरीन तासभर फोनला चिकटून होती. “अहो, सात वर्षांची आहे ती! वय बघा की!” पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला, “वयाचा रकाना वेगळा, कुटुंबाचा वेगळा. आमच्याकडे कुटुंबाचा येतो.” मग कचेरीची वेळ संपली.

शुक्रवारी सातला गाडी फाटकात लागली. दिवस उजाडला होता, पण समुद्रावरून धुकं एवढं आत आलं होतं की गाडीचे फक्त दिवे दिसत होते. लेतेन्सए खाली आली, तिच्यामागे मजल्यावरची सगळी. क्लिफर्ड नावाचा म्हातारा ड्रायव्हर कागद डोळ्यांजवळ धरून ओरडला, “देलिना किफ्लोम! कोण आहे?”

तो मोठ्यांच्या डोक्यांवरून बघत होता. खालून एक हात वर झाला, शाळेत करतात तसा.

“मी.”

क्लिफर्डने खाली पाहिलं. “तुझ्याबरोबर कोण, बाळ?”

“मी तिची आई,” अब्रेहेत म्हणाली.

“कागदावर आई नाहीये, बाई.”

“कागदावर नाही. इथे आहे.” ती लेकीकडे वळली. “सांग यांना.”

त्यांच्याकडे मुलांना अक्षरांच्या आधी पूर्वज शिकवतात. देलिना ताठ उभी राहिली. छाती घरघरत होती, तरी ती म्हणू लागली. “किफ्लोमची देलिना. गेब्राईचा किफ्लोम. तेवोल्देचा गेब्राई. हागोसचा तेवोल्दे. बैरूचा हागोस…” श्वास घ्यायला थांबली. “आणि वोल्दूची अब्रेहेत. अब्रेहेतची मी.”

क्लिफर्डला एकही नाव कळलं नाही. पण त्याने इंजिन बंद केलं.

“मला नाती आहेत,” तो पुटपुटला. “मी नाही नेणार हिला.” मग अब्रेहेतकडे न बघता म्हणाला, “पण बाई, मी नाही तर दुसरा येईल. तो तरुण असेल. तो ऐकणार नाही.”

दहाला तपासनीस आले. मॉरीनने त्यांच्यापुढे दोनशेतेरा आणि दोनशेचौदाच्या किल्ल्या ठेवल्या. “खोल्या बघायला चला.” त्यांनी किल्ल्या बाजूला सारल्या. “आमच्याकडे कागदांची तपासणी आहे, खोल्यांची नाही.” चहा घेतला, शेरा मारला: समाधानकारक. संध्याकाळी मॉरीनला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगितलं गेलं.

आणि टॉवेल पुन्हा हलला. ‘देलिना किफ्लोम बदलीस गैरहजर. सोमवार, सकाळी सात. पुन्हा नकार दिल्यास आश्रय आणि अन्न बंद.’

अब्रेहेतने टॉवेल उचलून घडी घालून ठेवला. दार सताड उघडलं. लेकीला घेऊन बाहेर आली आणि दोनशेचौदाच्या कुलूपबंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. लेतेन्सए आली, आपली उशी घेऊन शेजारी बसली. मग समोरच्या खोलीतलं कोणी, मग आणखी कोणी. दारामागून पाणी ठिबकत होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

त्या अजून तिथेच बसल्या आहेत, साहेब. सोमवारचे सात वाजायच्या आत उत्तर द्या. पत्र नको, निळी रेघ नको. स्वतःच्या तोंडाने सांगा: ज्या खोलीचं भाडं चौदा महिने तुम्ही भरताय, त्या दोनशेचौदा नंबरात कोण राहतं?