बारा आणे अंबाडी

हिवरखेडच्या खुशालरावांचं मत ठाम होतं. गांजा हे पोरासोरांचं काम नाही, तो पिकल्या माणसानं ओढावा. विशीत तो डोकं फिरवतो, चाळिशीत कामधंदा बुडवतो, साठीनंतर मात्र अंगी लागतो. "मले पाह्य, पोट्ट्या," ते ओसरीवर बसून मुलाला, भगवंताला सुनावत. "साठी उलटली. सकायी एक भरली चिलम, सांजच्याले एक. हालतो काय मी?"

त्यांची बायको मैनाबाई हे आतून ऐकत असत. पाच वर्षांपूर्वी खुशालराव चिलीम ओढून उठले आणि विहिरीपाशी कोसळले, तेव्हा छाती नुसती धडधडत होती. वैद्यानं मैनाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता या वयाले हे सोसत नाही." नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. पण चिलमीचा माल निवडून ठेवायचं काम मैनाबाईंचंच, आणि अंबाडीचं पान दिसायला थेट गांज्याचं. त्या ते वाळवून, चुरून मिसळू लागल्या. आधी रुपयात चार आणे, मग आठ, यंदा बारा. अंबाडीच्या भाजीला नाक मुरडणारा हा माणूस रोज दोनदा तीच ओढत होता आणि वर डोळेही लाल करत होता!

त्या साली सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. खुशालराव भगवंताला घेऊन अकोल्याला गेले. गाडीतला कापूस हातोहात खपला. अडत्याच्या ओट्यावर खांडव्याचा अस्सल गांजा फिरत होता. भगवंतानं हात पुढं केला, तसा बापानं तो झटकला.

"तुयं काम नोहे हे!"

आणि घरच्या मापानं चिलीम गच्च भरून त्यांनी एकट्यानं संपवली.

भगवंतानं त्यांना रिकाम्या गाडीत आडवं घालून घरी आणलं. दोन दिवस शुद्ध नव्हती. मैनाबाई उशाशी बसून रडत होत्या. आपण जीव वाचवायला गेलो आणि आपणच या माणसाला पैलवान असल्याचं पटवून दिलं, हे त्यांच्या मनाला खात होतं.

तिसऱ्या दिवशी खुशालरावांनी डोळे उघडले. "भेसळ केली बदमाशायनं," ते पुटपुटले. "आपला घरचाच शुद्ध."

मैनाबाईंना राहवलं नाही. "अवो, भेसळ घरच्यात हाये. पाच वर्सापासून अंबाडी मिसळून राहिली मी."

"किती?"

"बारा आने."

खुशालरावांनी मान वळवून भगवंत दारात नाही ना, ते पाहून घेतलं.

"मंग आता सोळा आने कर," ते हळूच म्हणाले. "पन पोट्ट्याले सांगू नोको."

पंधरवड्यानं ओसरीवर पुन्हा चिलीम पेटली. अकोल्याहून आल्यापासून भगवंतानं गांज्याचं नाव काढलं नव्हतं. पण मरणाच्या दारातून आलेला बाप पुन्हा लाल डोळ्यांनी ताठ बसलेला बघून तो थक्क झाला. साठी गाठली की आपणही अशीच भरली चिलीम ओढायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.