डुकरांचं नाव काढायचं नाही

दवाखान्यात जायचं म्हटलं की ताई पोरीला दोनदा साबण लावते. डुकरांच्या फार्मवर राहणाऱ्यांची ही खोडच आहे. वास आला की लोक नाक मुरडतात. यावेळी पोर तापाने फणफणली होती, तरी घासूनपुसूनच आणली. कामाचं विचारल्यावर दाजींनी सांगितलं, "मी गोदामात कामाला आहे." खोटं बोलताना दाजींची जीभ अडखळत नाही, एवढं मात्र मानावं लागेल.

आता पोर वेगळ्या खोलीत आहे आणि सोबतीला मी, तिची मावशी. ताईला दिवस गेलेत, म्हणून तिला आत बंदी. ती काचेपलीकडे उभी. खिडकी उघडत नाही, मला बाहेर पडता येत नाही. मास्कमध्ये माझाच श्वास मला नकोसा झालाय. पोरीच्या बरगड्या मात्र प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जातायत. साधा ताप समजून दिलेल्या औषधाने काडीचा फरक पडलेला नाही.

फार्मवर डुकरं खोकतायत. त्यातलं एक मरतुकडं पिल्लू पोरीने मांडीवर घेऊन बाटलीने पाजलं. मालकाने दम भरलाय, आजाराचा बभ्रा झाला तर नोकरीही जाईल आणि राहायची खोलीही. ताईने मला गळ्याची शपथ घातलीय.

डॉक्टरीणबाई आल्या. "नीट आठवून सांगा. घराजवळ कोंबड्या, डुकरं, असं काही?"

काचेपलीकडे ऐकू जात नव्हतं, तरी बाईंना बघूनच ताईने नकारार्थी मान हलवली. मला तिचा असा राग आला, आणि तितकीच कीवही आली. हो म्हणावं तर बहिणीचं बिऱ्हाड उठतं, नाही म्हणावं तर तिचीच पोर जाते.

"डुकरं आहेत," मी म्हणाले. "आजारी आहेत. ही दिवसभर त्यांच्यातच असते."

"हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना हो." बाईंनी नर्सला हाक मारली, नमुना घ्यायला लावला, भराभर औषध बदललं. जाता जाता म्हणाल्या, फार्मवर माणसं पाठवावी लागतील.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. काचेपलीकडून ताई बोलत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"आता आम्ही जायचं कुठं?"

एरवी माझ्या तोंडाला खीळ नसते, पण मी पोरीचं सरकलेलं पांघरूण नीट करत बसले. ताई काचेला चिकटून उभी राहिली.

मग म्हणाली, "फोन तिच्या नाकाशी धर जरा. मला तिचा श्वास ऐकू दे."