झेलायला कोणी नाही

विचुंब्यात टॉवरांवर टॉवर चढले, तरी हळद अजून धवलारणीच्या गळ्याशिवाय लागत नाही. गावात अशा लग्नगाणी गाणाऱ्या दोघी. वरल्या आळीची कमळाबाई नि खालच्या आळीची वेणू. धवला एकटीचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. पण या दोघी एका मांडवात कधी बसल्या नाहीत. ओळ झेलायला दोघी आपापल्या सुना न्यायच्या.

आरोग्यकेंद्रातल्या मनिषाताईंनी विचुंबे, कोन अशी आसपासची गावं नशेविरुद्ध एकत्र बांधली. पोरांच्या ओठांना पहिला घोट लागतो तो हळदीत, हे त्यांनी हेरलं होतं. देवळात सभा झाली. ठरलं, ज्या मांडवात दारू, तिथं धवला नाही. दोघींनी नारळावर हात ठेवला.

मग नाक्यावर त्या शपथेचा फलक लागला. त्यावर फोटो एकट्या वेणूचा.

"नारलावर हात दोगींचा, नि फोटूत तोंड हिचंच?" कमळाबाईनं मनिषाताईंना अडवलं.

"मावशी, वेणूमावशी समोर दिसल्या, म्हणून..."

"ती दिसतेच. नटून उभी असते ना!"

त्या दिवसापासून कमळाबाई नाक्यावरून जाईना. गेली, तर पदर आडवा धरून.

दीनानाथच्या पोरीची हळद आली. मांडवामागं दारूचे खोके रचलेले. दीनानाथ कमळाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. "कमळाबाय, धवला गावा तर तुमीच. वेणूचा काय गळा हाय? फुटकं मडकं!"

कितीतरी वर्षं हे ऐकायला कान आसुसले होते. नारळ आठवला, पण मडकं जास्त गोड वाजलं. हात ट्रंकेतल्या लुगड्याकडं गेला. मग थांबला.

"काय रे, पयला कोनाकडं गेल्तास?"

दीनानाथ घुटमळला. "वेणूकडं. ती नाय बोलली."

"मंजे तिनं टाकलेलं मी उचलू? ऊठ! खोके आसतील तिथं माजाबी पाय नाय."

दीनानाथची म्हातारी आई हटून बसली. धवल्याशिवाय नातीला हळद लावू देईना. दुपार कलली तसा टेम्पो आला, खोके गेले. आणि दीनानाथची गाडी वळली ती खालच्या आळीकडं.

कमळाबाईनं ती ओट्यावरून वळताना पाहिली. नाय मी बोलले, नि मांडव तिला!

कर्ण्यातून वेणूचा आवाज आला.

*हलदीचा पाट गो अंगनी मांडिला,*
*मांडवी बोलवा, कोन गो र्‍हायला?*

पुढं शांत. कोणी झेललंच नाही. वेणूची सून माहेरी गेली होती, हे कमळाबाईला ठाऊक होतं. बरी जिरली, तिला वाटलं. वेणूनं तीच ओळ पुन्हा टाकली. पुन्हा तशीच लोंबकळली. कमळाबाईचे ओठ हलायला लागले. तिनं ते दाबून धरले. तिसऱ्यांदा ओळ आली, तेव्हा ती ओट्यावर नव्हती.

मांडवात शिरून तिनं आधी मागं डोकावून पाहिलं. खोक्यांची जागा मोकळी. वास फक्त हळदीचा. मग वेणूकडं न बघता ती पाटापाशी टेकली.

*र्‍हायला गो र्‍हायला, दारीचा आंबा,*
*त्याचं पान आधी गो तोरनाला बांधा.*

बाया हसल्या. नवरीच्या गालाला हळद लागली.

"सूर किती खाली धरलास गो," कमळाबाई पुटपुटली.

"तुज्यासाठीच. तुजा गळा वर चढत नाय आता."

कमळाबाईनं पदर खोचला आणि पुढची ओळ अशी वर नेली, की वेणूला झेलताना मान उंच करावी लागली.