फरशीखालचं खळं

मासवणच्या नवसीला घरापुढचं खळं म्हणजे जीव की प्राण. भात झोडायची ती जमीन दर वर्षी तिचा नवरा जिव्या चोपून घट्ट करायचा आणि ती शेणानं सारवायची. राखणीला दोघं तिथंच निजायची. जिव्या मधोमध, भाताच्या राशीला पाठ लावून, आणि ती कडेला. जिव्या गेला, तरी खळ्यावर चपला घालून यायची कुणाची छाती नव्हती.

आता बोईसरच्या कारखान्यात लागलेला तिचा मुलगा महादू तिथं शहाबादी फरशी घालायला निघाला. भात यंत्रावर निघतं, मग खळं हवंय कशाला, असं त्याचं म्हणणं. तसं चुकीचंही नव्हतं. पण गवंडी आला, तर नवसी खळ्यावर ठाण मांडून बसलेली. काही केल्या उठेना.

समजूत घालायला कृष्णकांत गुरुजींना बोलावलं. गुरुजींना समजूत घालता येत नसे, माहिती मात्र उदंड. त्यांनी आपलं सुरू केलं, की फरशीचं मूळ फर्श, तो शब्द फारसीतून आला, त्याच्याही आधी अरबीतून. फर्श म्हणजे पसरलेलं, जमिनीवर घातलेलं अंथरूण. महादूनं कपाळावर हात मारला.

नवसी मात्र ऐकतच राहिली. पेंढ्यावर पसरलेली गोधडी, नव्या भाताचा वास, जिव्याचं अर्धवट झोपेतलं गुणगुणणं, सगळं तिच्या मिटल्या डोळ्यांपुढं तरंगत आलं. बराच वेळ ती तिथं नव्हतीच.

"अंथरून हाय, तर घाला," ती म्हणाली. "पन आदी खालचं मला नीट करू द्या."

आणि तिनं अख्खं खळं सारवायला घेतलं. शेणावर फरशी धरत नाही, हे सांगून गवंडी थकला. शेवटी सगळ्यांनी हात टेकले, सारवण वाळू दिलं आणि त्यावरच फरशी बसवली.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी महादू कारखान्यातून आला. फरशी उन्हानं अजून कोमट होती. आई तिच्यावर आडवी झालेली, अगदी कडेला. एवढी ऐसपैस जागा सोडून कडेला का, असं त्यानं विचारलं.

"मधी तुजा बा निजतो," ती डोळे न उघडताच म्हणाली.

महादूनं बूट काढून हातात घेतले आणि फरशीला वळसा घालून तो घरात गेला.