फुटक्या घंटेचा सूर

छत्तीस वर्षं मी मिलानमध्ये शिशाच्या पत्र्यांवर सुरांच्या खुणा ठोकतोय, त्याही उलट्या. छापल्यावर सुलट्या दिसतात. हात बसला की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला संगीतही कळतं. माझं तेच झालं.

ओलिंदो त्रावेर्सी बावीस वर्षांचा. त्याचे पियानोचे सहा छोटे तुकडे छापायला आले होते, आयुष्यातले पहिलेच. तिसऱ्यात एके ठिकाणी शेजारशेजारचे दोन सूर एकदम वाजत होते. भातात खडा लागावा तसे. पोराचा हात घसरला असणार, म्हणून मी त्यातला एक गुपचूप बदलला. कच्ची प्रत तपासायला तो आला, पण पठ्ठ्या वरच्या पानावरचं स्वतःचं नावच बघत बसला. आतलं पान उलटलंसुद्धा नाही.

प्रती दुकानांत गेल्या आणि तो तणतणत आला.

"मास्तर, माझी घंटा कुठाय?"

"कसली घंटा?"

"आमच्या गावच्या रेशीमगिरणीची! तडा गेलेली. तिच्या टोल्यावर आई घरी यायची. ती मी होती तशी लिहिली होती."

"मला वाटलं, चुकलास."

"वाटलं म्हणे! शिंप्यानं कपडे शिवावेत, नवरी बदलू नये!"

लाज वाटली मला. पत्रा पालथा घालून मागून ठोकला की चूक बुजते. पुढच्या छपाईत तुझा सूर परत बसवतो, असा शब्द दिला.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्याची स्तुती आली. तिसरा तुकडा सर्वांत सरस, आणि त्यातही नेमकी मी बदललेली ती जागा! संगीत विद्यालयातल्या त्याच्या गुरुजींनीही तिच्यासाठीच पाठ थोपटली. मालकांनी दुसरी छपाई काढली. मी पत्रा पालथा घातला, तर ओलिंदो दारात.

"राहू दे, मास्तर."

"अरे, आणि तुझी घंटा?"

"गुरुजींना आवडलंय."

"गिरणीच्या दारात आईची वाट बघत कोण उभं होतं? तू की गुरुजी?"

कोटातून नव्या तुकड्यांची वही काढून त्यानं माझ्यापुढे ठेवली. पूर्वी शाईनं लिहायचा, एक खाडाखोड नसायची. ही सगळी पेन्सिलीनं लिहिलेली.

"एकदा बघून घ्या," तो खालमानेनं म्हणाला. "चुकलं असेल तिथं तुम्हीच बदला. मला हल्ली कळत नाही, बरोबर कुठलं."

मी वही शेवटपर्यंत चाळली. एकही सूर कुठं खटकला नाही. पोराचं वाटोळं केलं मी.