देवकाबाईची सूर्यचूल

"काय माय हे! तीन घंट्यांत डाळ नुसती भिजली," काचेच्या पेटीत वाकून शेजारची वच्छलाबाई म्हणाली. "उन्हानं शिजत असतं तं वावरात रोज आपले डोस्के नसते का शिजले वं?"

अंगणातल्या बाया खदखदून हसल्या. देवकाबाई हसली नाही.

दिवाळीपासून तिच्या छातीत धूर बसला होता. हिंगणघाटच्या डॉक्टरनं बजावलं, चुलीपाशी बसायचं नाही. पस्तीस वर्षं घर जेवू घातलेली बाई बाजेवर बसून सुनेच्या हातचं खाऊ लागली. सून चांगली होती, पण ते बसणं देवकाबाईला सोसत नव्हतं. म्हणून तर पोरानं, पंचायत समितीतल्या चंद्रभाननं, वर्ध्याहून ही सूर्यचूल आणली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं कच्ची डाळ पाहिली. "आई, सोमवारी वापस करून येतो. लोकं हसून राह्यले."

"उद्या इतवार हाये ना? एक दिवस थांब."

तिनं पेटीतले डबे बाहेर काढले. चांदीसारखे लखलखत होते. आले तेव्हा असे नव्हते.

"शकू, हे डबे कोणं घासले वं?"

"मी जी," सून कौतुकानं म्हणाली. "नवी वस्तू अन् असे काळेकुट्ट! लोकं काय म्हणतीन? राखेनं घासघास घासले, तवा कुठं निंगाला तो रंग."

देवकाबाईला हसता हसता खोकला आला. "अवं, काळं लुगडं नेसून उन्हात उभी राह्य, मंग समजन. ऊन काळ्यालेच धरते!"

तिनं तव्याची काजळी खरवडली, जवसाच्या तेलात कालवली आणि डब्यांना बाहेरून लिंपून टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाला पेटी उन्हात गेली. ऊन सरकलं की देवकाबाई पेटी फिरवायची.

"उघडून तं पाह्य!" वच्छलाबाईला राहवेना.

"वाफ जाते. हात लावशीन तं पाह्यजो!"

एक वाजता झाकण निघालं. तुरीची डाळ बोटात धरताच पीठ झाली.

वच्छलाबाईनं पेटीत वाकून पाहिलं. मग म्हणाली, "भाकर होते का याच्यात?"

"नाई होत."

"अन् आभाळ आलं तं?"

"तं उपाशी मरू का? चूल काई पाडली नाई आमी. पण सालाचे आठ महिने ऊन फुकट पडून राह्यते अंगणात, ते काऊन सोडू?"

पानं मांडली. शकू सवयीनं वाढायला उठली, तर पळी आधीच देवकाबाईच्या हातात.

"बस तू. मी वाढतो."

चंद्रभाननं घास घेतला. दुसरा घेतला. खाली मान घालून म्हणाला, "आई, मीठ कमी हाये."

"हो ना. हाताची सवय मोडली माही," तिनं त्याच्या भातावर आणखी एक पळी डाळ ओतली. "उद्या बरोबर घालतो."