ब्रेकवरचा पाय

आमच्या फियाटच्या ब्रेकवर अठ्ठावीस वर्षं माझा पाय आहे. गाडी मी चालवत नाही, हे चालवतात. पण ब्रेकमधली हवा काढायची असली की हे चाकामागे आडवे होतात आणि मी स्टिअरिंगपाशी बसते. हे 'दाब' म्हणाले की मी तीनदा पेडल दाबून पाय घट्ट धरून ठेवते. हे चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, उघडतात, तेल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात, मग निपल बंद करून हे पान्याने ड्रमवर दोनदा ठोकतात. त्यानंतरच मी पाय उचलायचा. हे दोघांचं काम आहे. माझ्या मते तिसऱ्याची त्यात काही गरज नाही.

म्हणून त्या रविवारी सकाळी मी गॅलरीतून खाली पाहिलं आणि माझ्या जागेवर नीरजा बसलेली दिसली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नीरजा आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. नोकरी हिंजवडीला. शनिवार पेठेत राहून रोज तिकडे कोण जातं, पण ही जाते. हसरी आहे, कामसू आहे, रविवारी यांना वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायला मदत करते. मुलगी वाईट नाही, हेच मला जास्त लागतं.

मी जिना उतरायला घेतला. गुडघ्यामुळे हल्ली एकेक पायरी करत उतरते, त्यामुळे यांचं सगळं व्याख्यान कानावर पडलं. हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. "हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. हवा शिरली की पायाचा जोर ती दाबण्यातच फुकट जातो. म्हणून पेडल मऊ लागतं. काल डाव्या चाकाच्या ब्रेकमधलं रबर बदललं ना, तेव्हाच शिरली."

गाडी घेतली त्या वर्षी हेच वाक्य यांनी मला सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. ते मी माझं समजत होते.

"वॉव, काका! मला कुणी असं एक्स्प्लेनच नव्हतं केलं," नीरजा म्हणाली.

मी पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसले. मला कुणी काही विचारलं नाही.

"दाब," हे म्हणाले. तिने दाबलं. ड्रमवर दोनदा टक टक झालं. "काका, अजून सॉफ्टच आहे."

"असं कसं? पुन्हा."

गाडीचं दार उघडं होतं आणि मला तिचा पाय दिसत होता. यांना चाकामागून तो दिसणं शक्य नव्हतं. निपल उघडला की पेडल एकदम तळाला जातं, अंधारात पायरी चुकावी तसं. नवा माणूस दचकतो आणि पाय वर घेतो. नीरजा दर वेळी तेच करत होती. निपल तेव्हा उघडाच असतो, त्यामुळे बाहेर काढलेली हवा परत आत.

मला चूक पहिल्याच फेरीत कळली. तरी चांगल्या पाच फेऱ्या मी गप्प बसले. तिने प्रत्येक वेळी "सॉफ्टच आहे" म्हटलं की मला गार वाटायचं. याला मत्सर म्हणतात हे मला कळतं. कुणी सांगायला नको.

मग हे उठून बसले. हात फडक्याला पुसत राहिले, स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. "मास्टर सिलिंडरच गेला असणार. नाहीतर माझे हात गेले. काढून टाकावी आता गाडी. भंगारवाला परवा विचारतच होता."

हे सगळं ते नीरजाला सांगत होते. अठ्ठावीस वर्षांची गाडी काढायची आणि सांगायचं नीरजाला!

"मास्टर सिलिंडर गेला असता तर पाय धरून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली गेलं असतं," मी म्हणाले. "इथे चारदा दाबलं की वर येतंय. हवाच आहे. ऊठ गं."

"काकू, तुम्हाला येतं हे?"

"नाही. इतकी वर्षं मी इथे कीर्तन ऐकायला बसत होते."

मी बसले. पेडल तळाला गेलं आणि मी ते तळाशीच धरून ठेवलं. गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली. टक टक. पाय वर. पुन्हा. अकराव्या वेळी नळीतून नुसतं स्वच्छ तेल आलं आणि पेडल अर्ध्यावरच दगडासारखं थांबलं.

हे खिडकीशी आले. "दुखला ना गुडघा? म्हणून तर तिला बोलावलं."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू बसली असतीस."

ते खरं होतं. गाडीतून उतरताना मात्र हात नीरजाने दिला आणि मला तो घ्यावा लागला.

गोष्ट इथे मिटायला हवी होती. पण गुरुवारी एक पार्सल आलं. त्यात हातभर रबरी नळी, आत बारीकशी झडप. "हवा बाहेर जाते, परत आत येतच नाही," हे लहान मुलासारखे खुशीत सांगत होते. "नीरजाने मोबाइलवर शोधून मागवली. आता माझं मी एकटा करीन. तुला त्रास नको, तिलाही नको."

मी म्हटलं, "छान आहे हो."

गेले चार दिवस हे ती नळी शोधताहेत. माळा झाला, हत्यारांची पेटी झाली, वर नीरजाकडेही विचारून आले. मीसुद्धा यांच्याबरोबर मन लावून शोधते आहे. तांदळाच्या डब्यात मात्र आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.